पाठीखालचा खड्डा

सकाळी साडेपाचला उठताना माझी कंबर धरलेली असायची, दहा वाजेपर्यंत ती आपोआप सुटायची आणि शाळेत चार-पाच तास उभे राहून शिकवल्यानंतरही पुन्हा दुखत नसे. हा क्रम जवळजवळ सव्वा वर्ष चालला. दुखण्याच्या या वेळेतच त्याचे कारण सांगितलेले आहे, हे त्या सव्वा वर्षात माझ्या एकदाही लक्षात आले नाही. वय पन्नाशीच्या पुढे गेले आहे, आयुष्यभर फळ्यासमोर उभे राहून काढले आहे, तेव्हा कंबर दुखणारच, असे मी मनाशी ठरवून टाकले होते आणि घरातल्यांनाही तेच पटले होते.

एकदा अंगणात सडा टाकताना उसण भरली आणि बादली तिथेच सोडून भिंतीला धरून आत यावे लागले, तेव्हा डॉक्टरांकडे गेले. एक्स-रे काढला. वयानुसार थोडी झीज आहे, काळजीचे काही नाही, असे सांगून त्यांनी वेदनाशामक गोळ्या दिल्या आणि फळीवर किंवा जमिनीवर झोपण्याचा सल्ला दिला. सासूबाईंचेही हेच मत होते. आमच्या पिढीने ऐकलेला कंबरदुखीवरचा पहिला उपाय हाच आहे: गादी काढा, सतरंजी टाका, जमिनीवर झोपा. मी तो सहा आठवडे मनापासून केला.

नागपुरात जानेवारीतील रात्री तापमान दहा अंशांच्या आसपास उतरते आणि त्या थंडीत टाइल्सची फरशी सतरंजी व चादर ओलांडून अंगाला लागते. मी कुशीवर झोपणारी आहे. पहिल्या आठवड्यातच खालच्या बाजूचा खांदा आणि नितंबाचे हाड इतके दुखू लागले की दर तासाला कूस बदलावी लागे. हाताला मुंग्या येत. कंबर तर सुटली नाहीच, उलट रात्रीची झोप तुटू लागली आणि सकाळचे आखडलेपण दहाऐवजी बारा वाजेपर्यंत राहू लागले. तरीही, जमिनीची सवय व्हायला वेळ लागतो, असे समजून मी ते सोसत राहिले.

उत्तर मिळाले ते वर्ध्याला. बहिणीच्या घरी एका लग्नानिमित्त चार रात्री राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी बहिणीच्या मागे स्वयंपाकघरात उभी राहून चहा गाळताना मला जाणवले की आज उठताना मी पलंगाची कड धरली नव्हती. काम तर लग्नघरचे होते, म्हणजे रोजच्यापेक्षा जास्तच. बदलली होती ती फक्त झोपायची जागा. नागपूरला परतल्यावर दुसऱ्याच सकाळी कंबर पुन्हा धरली. त्यानंतर ज्या फिजिओथेरपिस्ट ताईंकडे मी गेले, त्यांनी तपासण्याआधी मला तीनच प्रश्न विचारले: केव्हा दुखते, किती वेळात थांबते आणि दुसऱ्या घरी झोपल्यावर काय होते? तिन्ही उत्तरे ऐकून त्या म्हणाल्या, ‘घरी जाऊन आधी गादी उचलून खाली बघा.’

त्रिमूर्तीनगरातल्या आमच्या घरातील दिवाण आम्ही अठरा वर्षांपूर्वी करून घेतला होता. खाली सामान ठेवायचे कप्पे, वर प्लायवूड आणि त्यावर कापसाची गादी. गादी उचलली तेव्हा मधले प्लायवूड वाकून खाली गेलेले दिसले, कारण त्याखालची आडवी पट्टी एका टोकाला खिळ्यांतून सुटली होती. मग गादी पुन्हा टाकून आम्ही उशापासून पायथ्यापर्यंत सुतळी ताणून बांधली आणि सुतळीपासून गादीपर्यंतचे अंतर मोजपट्टीने मोजले. कमरेच्या जागी ते पाच सेंटिमीटरपेक्षा थोडे जास्त भरले. वर कोणी झोपलेले नसताना ही स्थिती होती. साठ किलोंचा देह पडल्यावर तो खड्डा किती खोल होत असेल, याचा अंदाज आला. चादर नीट ताणलेली असली की हे डोळ्यांना अजिबात दिसत नाही. ही सुतळीची मोजणी ज्याला सकाळची कंबरदुखी आहे त्याने औषधाच्या दुकानात जाण्यापूर्वी करून पाहावी, असे मी आता सर्वांना सांगते.

रात्री आपल्या पाठीत नेमके काय घडते, हे समजून घेतल्यावर मला या खड्ड्याचे महत्त्व कळले. मणक्यांच्या मधोमध चकत्या असतात. मानेपासून कमरेपर्यंत त्या तेवीस असतात आणि पाठीच्या कण्याच्या लांबीचा साधारण चौथा हिस्सा त्यांचाच असतो. चकतीच्या आतला गर पाणी धरून ठेवणारा असतो. दिवसभर आपण उभे राहतो, बसतो, ओझी उचलतो, तेव्हा त्या दाबाने चकतीतील थोडे पाणी बाहेर पडते आणि रात्री आडवे झाल्यावर ते परत आत शोषले जाते. म्हणूनच माणूस संध्याकाळपेक्षा सकाळी एक ते दोन सेंटिमीटर उंच असतो. मोठ्या माणसाच्या चकतीत, तिच्या अगदी बाहेरच्या कडा सोडल्या तर, रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण शेजारच्या हाडांतून झिरपत येणाऱ्या द्रवावर चालते. रात्रीची विश्रांती ही त्यामुळे चकतीसाठी नुसती विश्रांती नसून तिची भरून येण्याची वेळ असते. स्वीडनमधील अस्थिरोगतज्ज्ञ आल्फ नाकेमसन यांनी १९६०च्या दशकात जिवंत माणसांच्या चकतीत सुई घालून आतील दाब मोजला होता. उभे असताना जो दाब असतो, त्याच्या सुमारे एक चतुर्थांश दाब उताणे झोपल्यावर उरतो, असे त्यांना आढळले.

चकतीवरचा दाब उतरावा यासाठी नुसते आडवे होणे मात्र पुरेसे नाही. कणा आपल्या नैसर्गिक वळणात राहिला पाहिजे आणि भोवतीचे स्नायू सैल पडले पाहिजेत. शरीराचा सर्वांत जड भाग कमरेखाली, कटिभागात असतो. मधोमध खचलेल्या गादीवर हा भाग सर्वांत खाली जातो, छाती आणि पाय वर राहतात आणि उताणे झोपलेल्या माणसाचा कणा रात्रभर झोळीत निजल्यासारखा पुढे वाकलेला राहतो. पालथे झोपणाऱ्याचे उलट होते, त्याची कंबर आतल्या बाजूला मुडपते. कुशीवर झोपणाऱ्याचा कणा बाजूला झुकतो. त्यातच दोघे झोपत असतील तर दोघेही मध्यभागाकडे घसरत राहतात आणि घसरू नये म्हणून शरीर झोपेतही काही स्नायू आवळून धरते. सात तास एखादा सांधा त्याच्या हालचालीच्या टोकाशी ताणून ठेवला तर तो सकाळी आखडलेला असणारच. मनगटाचे झाले असते तर हे आपल्याला लगेच पटले असते, पाठीचे मात्र पटत नाही, कारण तो ताण झोपेत बसलेला असतो.

जमिनीवर झोपून बरे का वाटले नाही, याचेही उत्तर यातच आहे. कुशीवर झोपलेल्या माणसाचा खांदा आणि नितंब रुंद असतात व कंबर अरुंद असते. कठीण पृष्ठभाग खांद्याला आणि नितंबाला आत जाऊ देत नाही, त्यामुळे सगळे वजन या दोन हाडांवर येते आणि मधली कंबर आधाराशिवाय लोंबकळते. उताणे झोपले तरी कमरेखालची पोकळी तशीच राहते. म्हणजे खचलेल्या गादीत कंबर बुडत होती आणि फरशीवर ती अधांतरी होती; आधार तिला दोन्हीकडे मिळत नव्हता. आपण बोलताना कडकपणा आणि आधार हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरतो, आणि कंबरदुखीबाबत आपल्या घराघरांत चाललेली सर्वांत मोठी चूक या एका गोंधळातून आलेली आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

या गोंधळात आपण एकटेच नाही. कंबरदुखीवर कडक गादीचा सल्ला जगभरातील डॉक्टर अनेक दशके देत आले होते, पण त्यामागे नीट केलेली चाचणी जवळजवळ नव्हती. स्पेनमधील संशोधकांनी ती केली आणि २००३ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दीर्घकाळ कंबर दुखणाऱ्या, पण कोणताही विशिष्ट आजार नसलेल्या ३१३ प्रौढांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागून एका गटाला कडक आणि दुसऱ्या गटाला मध्यम कडक गादी देण्यात आली. कोणाकडे कोणती गादी गेली हे त्या लोकांनाही माहीत नव्हते आणि तपासणाऱ्यांनाही नव्हते. १ म्हणजे सर्वांत कडक आणि १० म्हणजे सर्वांत मऊ अशा युरोपीय मापावर कडक गादी २.३ आणि मध्यम कडक गादी ५.६ होती. नव्वद दिवसांनी पाहिले तेव्हा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना अंथरुणात पडल्यावर व उठताना होणारी वेदना आणि दिवसभराच्या कामांत येणारी अडचण कमी झाल्याचे आढळले. हे वाचून मला माझे ते सहा आठवडे आठवले. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला होता, यात मला शंका नाही, पण एवढ्या वर्षांपूर्वी तपासून झालेली गोष्ट अजून आपल्या दवाखान्यांतून आणि घरांतून का पोहोचत नाही, याचे वाईट वाटते.

दिवाणाचे काम सुताराने एका दुपारी केले. सुटलेली पट्टी बदलून त्याने मध्ये आणखी दोन आडव्या पट्ट्या ठोकल्या आणि जाड प्लायवूड टाकले. गादीचा प्रश्न मोठा होता. ज्या शहरात १९७६ पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे आणि ज्याच्या चारही दिशांना कापसाची शेते आहेत, त्या शहरातील माणसांना गादीतल्या कापसाबद्दल आता फारच थोडे ठाऊक असते, मलाही नव्हते. इतवारीत गाद्या भरणाऱ्या एका वृद्ध कारागिराने आमची गादी उसवून आतला कापूस मुठीत दाबून दाखवला. मूठ उघडल्यावर तो तसाच गोळा होऊन राहिला. कापूस बसला आहे, असे ते म्हणाले. चांगला कापूस मुठीतून सोडला की फुलून वर येतो. गादीसाठी आखूड धाग्याचा, जाडसर देशी कापूस चांगला मानतात, कारण त्याचा फुगवटा टिकतो. लांब धाग्याचा मऊ कापूस सुतासाठी ठीक, पण गादीत तो लवकर दबतो. स्वस्त गाद्यांमध्ये गिरण्यांचा टाकाऊ कापूस आणि चिंध्या पिंजून भरलेल्या असतात, त्यांच्या काही महिन्यांतच गाठी होतात. पूर्वी दारावर पिंजारी यायचा, धुनकीचा तो टणत्काराचा आवाज गल्लीत घुमायचा आणि दर दोन-तीन वर्षांनी गादी पिंजून घेणे हा घरातील ठरलेला कार्यक्रम असे. पिंजारी यायचा थांबला आणि गाद्या पिंजायच्या राहून गेल्या. आमची तर अकरा वर्षांत एकदाही पिंजली गेली नव्हती.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती प्रत्येक नागपूरकराने ध्यानात ठेवावी अशी आहे. आपण एप्रिलपासून पावसाळा लागेपर्यंत रात्रभर कूलर लावतो. वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांतून येणारी ती हवा ओलसर असते, आणि कापूस ओल ओढून घेतो. ओलसर कापसावर रोज रात्री त्याच जागी वजन पडले की तो तिथेच दबून बसतो, आणि पावसाळ्यात उन्हाअभावी तो पुन्हा फुलत नाही. पूर्वी उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर झोपायचो, संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपडून तिची धग काढायचो आणि गाद्या सकाळी उन्हातच पडून राहायच्या, त्यामुळे त्यांना आपोआप ऊन लागे. आता गादी दिवाणावरून हलतच नाही. बाजेचेही तसेच होते. सुंभ सैल पडला की पायथ्याकडची दोरी ओढून बाज ताणून घेणे हे घरातील कोणत्याही माणसाला येत होते, आणि सैल बाजेवर झोपू नये हे कोणाला सांगावे लागत नव्हते.

आमच्या गादीचा निम्मा कापूस टाकून द्यावा लागला. उरलेला पिंजून, नवा मिसळून, बारा किलोंची एकेरी गादी भरून घेतली आणि टाके जवळजवळ घालायला सांगितले, म्हणजे कापूस आत सरकत नाही. तिच्याखाली नारळाच्या काथ्याचा चार इंची पाट टाकला. खालचा थर वाकत नाही आणि वरचा थर खांदा व नितंब आत सामावून घेतो, असा तो मेळ आहे.

त्याआधी दोन-तीन दुकानांत तयार गाद्याही पाहिल्या होत्या. जवळजवळ प्रत्येक गादीवर ‘ऑर्थोपेडिक’ असे छापलेले होते. तो शब्द छापण्यासाठी गादीला एखादी वैद्यकीय परीक्षा द्यावी लागते असे नाही, त्यामुळे त्या शब्दावर भरवसा ठेवून पैसे मोजू नयेत. मेमरी फोमच्या गादीवर वातानुकूलित दुकानात पडून पाहिले तेव्हा फार सुख वाटले होते. मात्र हा फोम उष्णतेने मऊ होतो आणि थंडीत ताठरतो, हा त्याचा मूळ गुणधर्मच आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि रात्री दीड वाजताही भिंती गरम असतात, अशा शहरात एसी नसलेल्या खोलीत हीच गादी दुकानातल्यापेक्षा अधिक खोल बुडवेल, अंगाची उष्णता धरून ठेवेल आणि डिसेंबरात पुन्हा निराळीच वाटेल. ज्यांच्या खोलीत वर्षभर एकसारखे तापमान असते, त्यांच्यासाठी ती चांगली ठरत असेल. माझ्या खोलीसाठी मला ती योग्य वाटली नाही. कोणतीही गादी घेताना दुकानात तिच्यावर हाताने दाबून पाहण्यापेक्षा, आपण ज्या कुशीवर झोपतो त्याच कुशीवर दहा-पंधरा मिनिटे पडून राहावे आणि सोबतच्या माणसाला मागून पाहायला सांगावे. मानेपासून माकडहाडापर्यंतची रेघ जमिनीला समांतर राहिली, तर ती गादी आपल्या अंगाची आहे. हलक्या आणि भारी शरीराला एकच गादी सारखी वागत नाही, म्हणून नवऱ्याची गादी बायकोला मानवेलच असे नसते.

गुडघ्यांमध्ये एक पातळ उशी घेणे ही फिजिओथेरपिस्ट ताईंची सूचना. त्यामुळे वरचा पाय पुढे पडून कंबर पिळली जात नाही. उताणे झोपणाऱ्याने तीच उशी गुडघ्यांखाली घ्यावी.

त्यांनी दिलेली दुसरी सूचना पाळणे मला अधिक जड गेले, कारण ती माझ्या सकाळच्या सडा-रांगोळीबद्दल होती. रात्रभर पाणी शोषून सकाळी चकत्या टम्म फुगलेल्या असतात आणि अशा वेळी कमरेतून वाकले की चकतीवर व तिच्या मागच्या अस्थिबंधांवर येणारा ताण दिवसातील इतर वेळेपेक्षा कितीतरी जास्त असतो. दिवसभरात जेवढी उंची कमी होते, तिच्यातील जवळपास निम्मी उठल्यानंतरच्या पहिल्या तासातच कमी होते. म्हणजे तेवढा तासभर जपले तरी मोठा धोका टळतो. मी उठल्यावर वीस मिनिटांच्या आत वाकून झाडत होते, सडा टाकत होते, आणि उन्हाळ्यात त्यात कूलरमध्ये पाणी भरण्यासाठी उचललेल्या बादल्यांची भर पडत होती. खचलेल्या गादीत रात्रभर ताणलेली कंबर आणि लगेच हे वाकणे, या दोन्हींनी मिळून ती उसण भरवली होती. आता आधी चहा, मग थोडे चालणे आणि त्यानंतर रांगोळी, तीही पाटावर बसून, असा क्रम ठेवला आहे. शेजारच्या काकूंना तो पहिले काही दिवस खटकला.

नव्या अंथरुणावर पहिला आठवडा काहीच फरक पडला नाही, हे सांगणे आवश्यक आहे. दुसऱ्या आठवड्यात रात्रीची जाग कमी झाली. पाचव्या-सहाव्या आठवड्यात एक दिवस मी कड न धरता उठले आणि त्यानंतर तसेच उठत राहिले. संध्याकाळचे फिरणे आणि ताईंनी शिकवलेले पोटाच्या व पाठीच्या स्नायूंचे व्यायामही याच काळात सुरू होते, त्यामुळे सगळे श्रेय गादीला देणे बरोबर होणार नाही. बरे वाटेपर्यंत पडून राहायचे नाही, ही ताकीदही त्यांचीच. अमेरिकेत १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत कंबर धरलेल्यांना सात दिवसांऐवजी दोनच दिवस पडून राहायला सांगितले, तेव्हा त्यांचे काम कमी दिवस बुडाले आणि बरे होण्यात काही उणे राहिले नाही.

सर्वच कंबरदुखी अंथरुणातून येत नाही, हे मी माझ्या पुतण्यामुळे शिकले. त्याचे वय सत्तावीस. पहाटे तीन-चारला पाठदुखीने त्याला जाग यायची, सकाळी तासभर पाठ लाकडासारखी राहायची आणि विश्रांतीने नव्हे तर हालचालीने बरे वाटायचे. माझा अनुभव ऐकून तो गादी बदलायला निघाला होता. मी त्याला आधी तपासून घ्यायला लावले आणि तो मणक्यांच्या सांध्यांना सूज आणणारा संधिवात निघाला, ज्याचे उपचार लवकर सुरू होणे फार महत्त्वाचे असते. तरुण वयात अशी लक्षणे असतील, किंवा कोणत्याही वयात दुखण्यासोबत ताप येत असेल, वजन घटत असेल, पूर्वी कर्करोग झालेला असेल, पडल्यानंतर दुखणे सुरू झाले असेल, तर गादीचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जावे. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोगही दुर्मीळ नाही. पायातील ताकद कमी होणे, जांघेत आणि बसण्याच्या जागी बधिरता येणे, लघवी किंवा शौचावरील ताबा सुटणे, यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठावे.

सासूबाई एक्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि अजूनही त्यांचा जमिनीवरच्या सतरंजीचा आग्रह होता. त्यांना मी अभ्यासाचे निष्कर्ष सांगितले नाहीत. त्यांच्या नितंबावर लाल झालेली जागा दाखवली आणि पहाटे जमिनीवरून उठताना त्या दोन्ही हातांनी कपाटाचे दार कसे ओढतात, ते मी रोज पाहते, एवढेच म्हटले. त्यांच्यासाठी दुसरी गादी भरून घेतली, माझ्यापेक्षा थोडी मऊ, आणि पाय जमिनीला टेकतील एवढ्याच उंचीच्या लाकडी पलंगावर टाकली. पहिल्या रात्री त्या तिच्यावर झोपल्या नाहीत. दुसऱ्या रात्री झोपल्या. आता दर रविवारी सकाळी दोन्ही गाद्या गच्चीवर उन्हात जातात, आणि संध्याकाळी खाली आणताना उशाची बाजू पायथ्याकडे फिरवायची आठवण आई स्वतः करून देतात.